‘नो हिस्टरी’: नकाराचा इतिहास कुठे शोधायचा?

मागच्या वर्षी मी एका बँकेकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. फेलोशिप खात्यात जमा होते (दर महिन्याला नाही, कधी चार महिन्यांची एकदम, हे सुख तुमच्याही वाट्याला येईल), डोक्यावर कर्ज नाही, पत्ता मोशीतल्या भाड्याच्या खोलीचा. दोन दिवसांत मेसेज आला: ‘बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर करता येत नाही.’

मग मी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, २०१७ पासून तशी सोय आहे. स्कोअरच्या जागी आकडाच नव्हता. दोन अक्षरं होती, ‘एनएच’, म्हणजे ‘नो हिस्टरी’. इतिहासात पीएचडी करणाऱ्या माणसाला इतिहासच नाही! गाईडना दाखवलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “छान, आता याच्यावर एक टिपण लिहून आण. नकार कुणी दिला, का दिला आणि त्याचा कागद कुठे आहे?”

हा लेख म्हणजे ते टिपण. कार्ड कसं मिळवावं हे यात नाही. संशोधनाची तयारी करत असाल तर एक सवय लावून घेण्यासाठी वाचा: ज्याला मिळालं त्याचा कागद असतो, ज्याला नाकारलं त्याचा बहुधा नसतो. मग नाकारलेल्यांचा इतिहास लिहायचा कसा?

आधी प्रश्न सुटा करू

‘बँक कार्ड का नाकारते?’ हा प्रश्न एक दिसतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत.

एक, नकार तुमच्यामुळे असतो: जुने हप्ते थकले, थोड्या दिवसांत चार ठिकाणी अर्ज केले, पगारातला मोठा भाग आधीच हप्त्यांत जातो. दोन, तुम्ही ज्या गटात मोडता त्यामुळे असतो: कंपनी कुठली, नोकरी कायम की कंत्राटी, राहता कुठे. तीन, नकार देणाऱ्याच्या स्वतःच्या अडचणीमुळे असतो: बँकेकडचं भांडवल अपुरं पडतंय, मागची कर्जं बुडाली आहेत किंवा रिझर्व्ह बँकेनेच हात बांधले आहेत.

अर्जदाराला तिन्ही वेळा साधारण एकच वाक्य ऐकू येतं. ते वाक्य फोडून आत काय आहे हे बघणं आपलं काम.

मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत, पत आणि ऐपत. ऐपत म्हणजे तुमच्याकडे काय आहे. पत म्हणजे तुमच्या शब्दावर लोक किती विसंबतात. पगाराची स्लिप ऐपत दाखवते, स्कोअर पत मोजायचा प्रयत्न करतो. हे दोन शब्द हाताशी ठेवा, पुढे लागतील.

१८७५: नकारामुळे पेटलेला दंगा

चाकण खेड तालुक्यात. त्याला लागूनच शिरूर तालुका आणि दक्षिणेला, बारामतीच्या बाजूला, सुपे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जखतं मागितली. मिळाली ती जाळली. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शाळेत आपण हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शिकतो: सावकाराने लुटलं, म्हणून शेतकरी उठला.

पण आधीची दहा-पंधरा वर्षं बघा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस ब्रिटनला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे निर्यातदार शहरातल्या सावकारांना उचल देत, ते गावच्या सावकारांना, आणि गावचा सावकार शेतकऱ्याला. कर्ज मिळणं सोपं झालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत बाजारात आला आणि वरून येणारा पैसा आटला. सावकाराने नवीन कर्ज बंद केलं आणि जुनं परत मागायला सुरुवात केली. त्याच सुमाराला सरकारने नव्या आकारणीत शेतसारा बराच वाढवला. म्हणजे गरज वाढली त्याच वेळी दार बंद झालं.

शेतकरी तोच होता, जमीन तीच, त्याचा शब्दही तोच. बदललं होतं ते देणाऱ्याच्या वरचं जग. हा वरच्या यादीतला तिसऱ्या प्रकारचा नकार. शेतकऱ्याला मात्र तो विश्वासघात वाटला, कारण पिढ्यानपिढ्यांच्या व्यवहारात काही रीत पाळली जात असे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा ‘दामदुपट’चा नियम त्यातलाच. दंग्यानंतरच्या चौकशी आयोगापुढे शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं प्रकरणही आलं होतं. त्यामुळे व्याजाचा राग खोटा नव्हता. पण अडचणीच्या वेळी पाठ फिरवली, हा रागही तितकाच खरा होता.

संशोधक म्हणून इथे थांबा. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला आणि तो आपला मोठा स्रोत आहे. तरी तो सरकारने नेमलेल्या आयोगाचा आहे, आणि त्यात वाढीव शेतसाऱ्यापेक्षा सावकारावर बोट ठेवणं सरकारच्या सोयीचं होतं. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने तर १९७२ च्या आपल्या निबंधाच्या नावातच या दंग्यांना ‘मिथक’ म्हटलं; आपण समजतो तितका तो उठाव मोठा नव्हता, असं त्याचं म्हणणं. तुम्हाला ते पटायलाच हवं असं नाही. पण एकाच घटनेवर दोन वाचनं शक्य आहेत हे ध्यानात ठेवूनच पुढे जा.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात एक मजेशीर तरतूद होती. कर्जाचा दावा आला की न्यायालयाने नुसतं खत बघून निकाल द्यायचा नाही, व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा त्याचा इतिहास तपासायचा. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात शब्दच ‘हिस्टरी’ आहे. तिथे इतिहास तपासायचा होता तो कर्जदाराच्या बचावासाठी. आज क्रेडिट हिस्टरी तपासली जाते ती देणाऱ्याच्या बचावासाठी. शब्द एकच, बाजू उलट.

पिंपरी: गेटपास हीच ओळख

आता ऐंशी-नव्वद वर्षं पुढे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को असे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, सगळीकडून माणसं आली.

या माणसांच्या पतीचं काय? गावचा सावकार आजोबांपासून ओळखत होता. इथे शेजारचा खोलीवालाही नवीन. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. पण तेव्हाच्या बँकेचं लक्ष शेती, लघुउद्योग आणि कारखान्यांच्या कर्जाकडे. कामगाराला बहिणीच्या लग्नासाठी पैसे द्यायला बँक बसलेली नव्हती.

ती जागा कामगारांच्या पतपेढ्यांनी आणि भिशीने भरली. पतपेढीची रचना नीट बघा, कारण त्यात नकाराची एक वेगळीच पद्धत आहे. सभासदाने भाग घ्यायचे, त्याच्या पटीत कर्ज मिळणार. सहकाऱ्यांपैकी दोन जामीनदार आणायचे. आणि हप्ता पगारातूनच कापला जाणार. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम ४९ मुळे सभासदाने तसं लिहून दिलं की कपात करून संस्थेला पैसे देणं मालकावर बंधनकारक होतं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात पगारातल्या एकूण कपातीला निम्म्याची मर्यादा होती, पण सहकारी संस्थेची देणी त्यात असतील तर ती पाऊणपट, म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत जाई. कामगाराच्या हातात पाव पगार उरला तरी चालेल इतकी ही वसुली पक्की होती.

इथे नकार तोंडावर मिळे. “तुमचा जामीनदार आधीच दोघांना जामीन आहे, दुसरा आणा.” कारण कळे आणि त्यावर उपायही असे. शिवाय नकार देणारा आपल्याच शिफ्टचा असे. उद्या कॅन्टीनमध्ये त्याच्या समोर बसायचं असे. याचं फार गोडवे गाऊ नका, कारण याला दुसरी बाजूही आहे. पतपेढीचे सभासद बहुतेक कायम कामगार. कंत्राटदाराकडचा माणूस उपविधीतच बाहेर राही. त्याने अर्जच केला नाही, त्यामुळे त्याचा नकारही कुठे नोंदला गेला नाही. नाकारलेल्यांच्या मागे न मागणाऱ्यांची रांग असते. कागदपत्रांत ती सगळ्यात कमी दिसते.

कार्ड आलं, वाटलं गेलं, आणि आवरलं गेलं

भारतात डायनर्स क्लबचं कार्ड १९६१ मध्ये आलं. भारतीय बँकेचं पहिलं कार्ड सेंट्रल बँकेचं, १९८० मधलं. नव्वदच्या दशकात परदेशी बँका उतरल्या, १९९८ मध्ये स्टेट बँकेने जीई कॅपिटलबरोबर कार्डाची कंपनी काढली. दोन हजारनंतर मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, कंपनीच्या गेटबाहेर एजंट उभे राहिले. एक पगाराची स्लिप द्या, एक सही करा.

हे आधी दुसरीकडे होऊन गेलं होतं. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार लोकांना न मागता कार्डं पोस्टाने पाठवली. चारेक टक्के खाती थकतील असा अंदाज होता, थकली बावीस टक्के. ‘सगळ्यांना द्या’ पासून ‘निवडून द्या’ कडे बँका नुकसानीतून शिकत गेल्या.

आपल्याकडे तो धडा २००८ च्या आर्थिक संकटाने दिला. मार्च २००८ मध्ये देशात सुमारे पावणेतीन कोटी क्रेडिट कार्डं होती. मार्च २०१२ पर्यंत ती पावणेदोन कोटींच्या आसपास आली. चार वर्षांत एक कोटीच्या घरात घट! पण हा आकडा वापरताना जपून. तो चालू असलेल्या कार्डांचा आहे. घट नव्या अर्जांच्या नकारामुळे किती आणि बँकांनी न वापरलेली जुनी कार्डं बंद केल्यामुळे किती, हे त्यावरून कळत नाही. विहिरीतलं पाणी कमी झालं म्हणजे झरा आटला असं नाही, उपसाही वाढलेला असू शकतो.

याच काळात मोजमापाची यंत्रणाही उभी राहत होती. सिबिल २००० मध्ये स्थापन झाली, २००४ पासून व्यक्तींची कर्जमाहिती देऊ लागली, २००५ मध्ये क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा झाला. ३०० ते ९०० चा स्कोअर आज चहाच्या टपरीवरही लोक बोलतात. नवी घडी बसल्यावर कार्डं पुन्हा वाढली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली.

चाकण: एकाच लाइनवर दोन पती

आता चाकणला या. बजाज १९९९ मध्ये, फोक्सवॅगन २००९ मध्ये, पाठोपाठ महिंद्रा, आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे असंख्य कारखाने. एका असेंब्ली लाइनवर शेजारी शेजारी दोघं उभे आहेत असं समजा. काम सारखं, बूट सारखे. एकाच्या पगाराच्या स्लिपवर मोठ्या कंपनीचं नाव, दुसऱ्याच्या स्लिपवर मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं.

कर्ज देणाऱ्या संस्था कंपन्यांच्या याद्या ठेवतात. ‘कॅट ए’, ‘कॅट बी’ अशी वर्गवारी असते आणि अर्ज आला की आधी ती बघितली जाते. यादीत कंपनी वर असेल तर अटी सैल, खाली असेल तर कडक, यादीतच नसेल तर बहुधा अर्ज पुढे सरकत नाही. मघाचे दोन शब्द आठवा. इथे ऐपत मोजली जात नाही, कारण पगार दोघांचा बँकेतच जमा होतो. त्या माणसाची पतही मोजली जात नाही, कारण त्याचा हप्त्यांचा इतिहास कदाचित चोख असेल. मोजली जाते ती त्याच्या मालकाची पत, आणि ती त्याच्या नावावर लिहिली जाते.

पत्त्याचंही तसंच. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले आणि धोक्याच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या गेल्या. तिथल्या संशोधकांना ते नकाशे आज बघता येतात. आपल्याकडे वसुलीवाल्यांच्या बोलीत ‘निगेटिव्ह एरिया’ हा शब्द आहे. पण शब्द कानावर आला म्हणजे पुरावा मिळाला नाही. ‘आमचा पिनकोड काळ्या यादीत आहे’ हे वाक्य मुलाखतीत आलं तर ते त्या माणसाची समजूत म्हणून नोंदवा, बँकेचं धोरण म्हणून नाही.

बँकेचेच हात बांधलेले असतात तेव्हा

तिसरा प्रकार विद्यार्थी हमखास विसरतात. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तांत्रिक बिघाडांच्या कारणावरून एचडीएफसी बँकेला नवीन क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. ती ऑगस्ट २०२१ मध्ये उठली. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेवर तशीच बंदी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संपली. त्या महिन्यांत तुमचा स्कोअर ८५० असता तरी तिथे नवं कार्ड मिळालं नसतं.

दुसरा लगाम कमी दिसतो. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डावरच्या थकबाकीचा ‘जोखीम भार’ १२५ वरून १५० टक्के केला. याचा अर्थ साधा आहे. किमान भांडवल ९ टक्के धरलं, तर कार्डावर दिलेल्या शंभर रुपयांमागे बँकेला आधी ११ रुपये २५ पैसे स्वतःचे बाजूला ठेवावे लागत, आता १३ रुपये ५० पैसे. देणं महाग झालं की देणारा निवडक होतो. १८६५ नंतरचा सावकार आणि २०२३ नंतरची बँक यांच्यात फरक पुष्कळ आहेत. पण दोन्ही वेळा दाराबाहेर उभ्या असलेल्याला वाटतं की चूक आपलीच.

मग नकाराचा कागद कुठे?

रिझर्व्ह बँक दर महिन्याला बँकनिहाय कार्डांचे आकडे देते. त्या तक्त्यात चालू कार्डांचा रकाना आहे, किती अर्ज आले आणि किती नाकारले याचा नाही. अमेरिकेत १९७५ चा गृहकर्ज माहिती कायदा आहे आणि १९८९ च्या दुरुस्तीनंतर त्यात नाकारलेल्या अर्जांचीही अर्जदाराच्या वंशासह नोंद होते. भेदभावावरचं तिथलं कितीतरी संशोधन त्याच नोंदींवर उभं आहे. आपल्याला कडेकडेने जावं लागतं. चार जागा सांगतो.

पहिली, क्रेडिट रिपोर्टमधला ‘एन्क्वायरी’चा भाग. कुठल्या संस्थेने कधी चौकशी केली ते तिथे दिसतं. नकार लिहिलेला नसतो. पण चौकशी आहे आणि त्यानंतर खातं उघडलेलं नाही, म्हणजे दार वाजलं आणि उघडलं नाही, किंवा अर्जदारानेच मागे पाऊल घेतलं. हे अनुमान आहे, पुरावा नाही.

दुसरी, लेखी कारण. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायला हवं. म्हणजे नकाराचं दप्तर लोकांच्या मोबाइलमध्ये विखुरलेलं आहे.

तिसरी, पतपेढ्यांची इतिवृत्तं. संचालक मंडळाच्या सभेत कर्जअर्ज येतात. जुन्या रजिस्टरांची रद्दी होण्याआधी ती बघा.

चौथी, नाकारलेले लोक स्वतः. अमेरिकेतल्या चेस बँकेचा ‘पाच-चोवीस’ नियम (चोवीस महिन्यांत कुठल्याही बँकांची पाच कार्डं घेतली असतील तर नवं नाही) लोकांना कळला तो मुख्यतः अर्जदारांनी आपापले नकार एकमेकांशी जुळवून पाहिल्यामुळे. एक नकार म्हणजे किस्सा. पन्नास नकार शेजारी मांडले की त्यातला नियम दिसायला लागतो.

मात्र मुलाखतीला जाताना दोन पथ्यं. रिपोर्टवर पॅन, पत्ता, फोन सगळं असतं, त्याचा फोटो काढून आणायचा नाही. आणि ‘तुमचा स्कोअर किती?’ असं कुणालाही विचारायचं नाही. आपल्याकडे पत गेली म्हणजे अब्रू गेली. ‘कुठे कुठे मागून पाहिलंत?’ असं विचारा, माणूस आपणहून सांगतो.

माझ्या टिपणाचं काय झालं

‘नो हिस्टरी’ दिसल्यावर माझं उत्तर तयार झालं होतं: इतिहास नाही म्हणून नाकारलं. त्यात मला अन्यायही दिसत होता. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे आणि अर्थ राज्यमंत्र्यांनी ते ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेतही सांगितलं. दोन पानं लिहूनही झाली होती.

गाईडनी एकच विचारलं, “कारण लेखी मागितलंस का?” नव्हतं मागितलं. मग मेल केला, आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘नोकरीचा प्रकार निकषात बसत नाही.’ फेलोशिप म्हणजे पगार नव्हे. म्हणजे माझा नकार पहिल्या प्रकारातला नव्हताच, दुसऱ्यातला होता. मी ज्या रकान्यात बसतो तो रकानाच त्यांच्याकडे नव्हता. चाकणच्या कंत्राटी कामगाराबद्दल मी जे लिहीत होतो ते मला लागू होतं, आणि तरीही मी स्वतःलाच चुकीचं कारण सांगत बसलो होतो.

दोन पानं फाडली. कार्ड शेवटी एका छोट्या एफडीवर घेतलं, म्हणजे तारण ठेवून. या बाबतीत १८७५ पासून फारसं काही बदललेलं नाही. बँकेचा तो एका ओळीचा मेल मात्र मी छापून फाइलमध्ये लावला आहे. तुमच्याकडेही असा एखादा असेल. डिलीट करू नका.